तुरीवरचा पट्टेदार भुंगेरा म्हणजे ‘फ्लॉवर लाँगहॉर्न’ का?

अमळनेरजवळच्या आपल्या शेतात तुरीच्या फुलांवर काळ्या-केशरी पट्ट्यांचा कीटक बसतो, तो इंटरनेटवरच्या चित्रांतला ‘फ्लॉवर लाँगहॉर्न’ आहे का, आणि त्या भुंगेऱ्याचे रूप, अधिवास व जीवनक्रम कसा असतो, असे आपण विचारले आहे.

आपण केलेल्या वर्णनावरून तो ब्लिस्टर भुंगेरा दिसतो. लाँगहॉर्नशी त्याचे जवळचे नाते नाही. यावल तालुक्यातल्या माझ्या शेतातही तो तुरीवर आणि भेंडीवर येतो व फुले कुरतडून खातो. एकदा मानेवर बसलेला हा किडा मी नकळत चिरडला आणि दुसऱ्या दिवशी तिथे पाण्याने भरलेला टपोरा फोड उठला. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या कँथरिडिन या द्रव्यामुळे असे होते, म्हणून तो उघड्या हाताने वेचू नये. मात्र याची अळी जमिनीत नाकतोड्यांची अंडी खाते, तेव्हा त्याला सरसकट शत्रू ठरवणे मला पटत नाही.

दोघांतला फरक ओळखायचा असेल, तर रंगावर न जाता मिशा पाहाव्यात. ब्लिस्टर भुंगेऱ्याच्या मिशा आखूड आणि टोकाकडे जाड होत गेलेल्या असतात, तर लाँगहॉर्नच्या लांब, दोऱ्यासारख्या असतात. फ्लॉवर लाँगहॉर्नचे डोके मागच्या बाजूस मान असल्यासारखे आवळलेले, खांदे रुंद आणि पंखांवरची कवचे शेवटाकडे निमुळती असतात. युरोपात सर्रास आढळणारी रुटपेला मॅक्युलाटा ही जाती घ्या. तिची लांबी साधारण १३ ते २० मिलिमीटर असते, पिवळ्या कवचांवर काळे ठिपके व पट्टे असतात आणि मिशांवरही पिवळी-काळी वलये दिसतात. ठिपके-पट्ट्यांची ठेवण किड्यागणिक बदलते. एकंदर रूप गांधीलमाशीची आठवण करून देणारे असल्याने पक्षी त्याच्या वाटेला जायला कचरत असावेत. प्रत्यक्षात त्याला नांगी नसते.

हे भुंगेरे मुख्यतः उत्तर गोलार्धातील थंड व समशीतोष्ण जंगलांत राहतात आणि भारतात हिमालयाच्या बाजूला अधिक आढळतात. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ते शोधण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात प्रौढ भुंगेरे परागकण आणि मध खाण्यासाठी फुलांवर येतात. कोथिंबीर किंवा बडीशेप फुलावर आली की जसा छत्रीसारखा फुलोरा येतो, तशा फुलोऱ्यांवर ते विशेष दिसतात. हे फुलांवरचे दिवस दोन ते चार आठवड्यांचेच असतात. मादी कुजत चाललेल्या लाकडात अंडी घालते, त्यातून निघालेली पांढुरकी अळी दोन-तीन वर्षे ते मेलेले लाकूड पोखरत वाढते, तिथेच कोषात जाते आणि मग प्रौढ होऊन बाहेर पडते. जंगलातली पडलेली खोडे साफ केली, की या भुंगेऱ्यांचे घरच जाते.

आपल्या भागात लाँगहॉर्न कुळातलाच किडा पाहायचा असेल, तर आंब्याचे भिरूड पाहावे. करड्या-तपकिरी रंगाचा हा भुंगेरा सुमारे ५ सेंटीमीटर लांब असतो आणि त्याच्या छातीवर दोन केशरी-लाल डाग असतात. हा मात्र जिवंत झाडात वाढतो: मादी सालीला चीर पाडून अंडी घालते आणि अळी खोडात शिरते. बांधावरचा वाळलेला जुना आंबा तोडला, तेव्हा ओंडका फोडताना बोटाएवढी जाड, पिवळसर पांढरी अळी तिच्या भुयारात आडवी सापडली; तिचा तपकिरी, कठीण जबडा तेव्हाही हलत होता. तिच्यामागे ओल्या भुशाचा लगदा गच्च भरलेला होता.

आपल्या आंब्याच्या बुंध्याशी असा भुसा पडलेला दिसला, तर वर छिद्र शोधून त्यात लवचीक तार घालावी आणि अळी ओढून काढावी किंवा आतच मारावी. नंतर रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून छिद्र चिखलाने लिंपावे. पंधरा दिवसांनी ताजा भुसा पुन्हा पडला असेल, तर दुसरे छिद्र राहून गेले आहे असे समजावे.