राजीनामा कुणाकडे द्यायचा?

प्रिय सई,

तुझा मेसेज पोचला. समोरच्या आजींनी मॉर्मन चर्च, म्हणजे त्यांचा ख्रिस्ती पंथ, सोडताना रीतसर पत्र पाठवून पटावरचं नाव काढून घेतलं, हे तुला आत्ता कळलं आणि लगेच तुझी प्रश्नांची फैर! बाबा देव मानत नाहीत, मग त्यांनी कुणाला पत्र लिहिलं? आपल्यात धर्म सोडायचा तर काय करतात? आणि सोडलाय तर गणपतीत टाळ कशाला कुटतात, हे ढोंग नाही का?

आधी आजींचं सांगते. तू इथे अमेरिकेत, युटात वाढलीस, पण चर्च आतून तूही पाहिलेलं नाहीस. वॉर्ड म्हणजे त्यांची वस्तीवार मंडळी. आपली गल्ली ज्या वॉर्डात येते, त्याच वॉर्डाच्या सभेला इथल्या मॉर्मन घरांनी जायचं. वॉर्डाचा प्रमुख बिशप, तो म्हणजे पगारी पुजारी नव्हे, शेजारचाच एखादा दाताचा डॉक्टर नाहीतर हिशेबनीस. तोच खोलीत बसवून विचारतो: उत्पन्नाचा दहावा हिस्सा देता ना? चहा, कॉफी, दारू घेत नाही ना? उत्तरं बरोबर आली तर कार्ड मिळतं, आणि ते कार्ड असेल तरच त्यांच्या मंदिरात प्रवेश. मंदिर म्हणजे रविवारच्या सभेची जागा नव्हे, खास विधींची वेगळी वास्तू. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, आणि सभेत ज्याला वाटेल त्याने उठून सांगायचं, हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे. चिमुरडी पोरंही सांगतात. नुसतं हजर राहून भागत नाही, श्रद्धा बोलून दाखवावी लागते.

आजींना ते बोलवेनासं झालं. जून १९७८ मध्ये, देवाचा तसा आदेश आला म्हणून, चर्चने जाहीर केलं की आता काळ्या पुरुषांनाही पुरोहितपद मिळेल. त्या दिवशी त्या आनंदाने रडल्या होत्या. पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या मनात आलं, मग त्याआधी देव काय म्हणत होता? हा प्रश्न त्यांनी बराच काळ कुणालाच विचारला नाही.

आता सत्तरी ओलांडल्यावर, आपल्याकडे आलं घातलेला चहा पिताना त्या यावर मोकळेपणाने बोलतात. सोडल्याचं दुःख नाही म्हणतात. पण चार आवाजांतली प्रार्थनागीतं आठवतात, आणि बायका आठवतात. कुणी गेलं की वॉर्डातल्या बायका चीज घातलेल्या बटाट्यांची ट्रे घेऊन दारात हजर. आपल्याकडे सुतकात शेजारून पिठलं-भात येतो, तसंच. चर्च सोडल्यावर त्यांच्या घरी आजारपणं आली तेव्हाही ट्रे आल्या, फक्त त्यांच्याबरोबर परत येण्याचं आमंत्रणही असायचं. त्यांना त्याचा कंटाळा यायचा आणि आमंत्रण थांबलं तेव्हा वाईटही वाटलं.

एकच गोष्ट अजून सलते. मुलाचं लग्न मंदिरात झालं आणि कार्ड नाही म्हणून आई बाहेरच्या बाकावर. आधी कोर्टात लग्न करून मग मंदिरात जायचं तर तेव्हा वर्षभर थांबावं लागे. ती अट २०१९ मध्ये गेली. आजींना उशीर झाला.

आता बाबांचं. आपल्याकडे पट नाही, बिशप नाही, म्हणून पत्रही नाही. तुझ्या पणजीने बाबांना कधी विचारलं नाही, की तुझा विश्वास आहे का. तिने विचारलं ते एवढंच, नैवेद्य झाल्यावर जेवायला आहेस ना? त्यांचा टाळ त्यातला आहे. मला ते ढोंग वाटत नाही. पण 'आमच्यात कसं सगळं मोकळं' असं जे आपल्या मंडळात ऐकू येतं ना, तेही खरं मानू नकोस. गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली होती. वाळीत टाकणं तर इतकं मुरलेलं, की त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

आणि पट नाही म्हटलं, तेही अर्धंच. बाबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जात हा रकाना आहे, भरलेला. देव त्यांनी कॉलेजात सोडला. जात कुठे सोडायची? ती त्यांना कधी टोचलीही नाही, कारण आपल्या जातीला तिचा फायदाच झाला. देव न मानताही घरातला पाट शाबूत, ही चैन आपल्यासारख्यांची. ज्यांना देवळाच्या दारातच अडवलं त्यांना असं गुपचूप निसटता येत नव्हतं. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला. तो काही वर्षं चालला, पण दार उघडलं नाही. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांबरोबर धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञा मोठ्याने उच्चारून. तेव्हा आपल्यात धर्म कसा सोडतात, या तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर बाबांकडे नाही, तिथे आहे. आजींचं बाकावर बसणं आणि ते दार एका मापाने मोजू नकोस मात्र. आजी आतून बाहेर आल्या होत्या.

आजींशी थेट बोलू का, असंही विचारलंयस. खुशाल बोल, त्यांना आवडेल. मंदिरात जाणारे नेहमीच्या कपड्यांच्या आत जे खास धार्मिक कपडे घालतात, त्यांबद्दल तेवढं विचारू नकोस, सगळे पहिलं तेच विचारतात. आणि आजोबा घरी असताना नको. ते अजून जातात, दहावा हिस्साही देतात, आणि चर्चचा विषय त्या घरात निघत नाही. रविवारची सभा हल्ली दोनच तासांची असते, नऊ ते अकरा. त्या वेळात फोन कर.

तुझी,
आई