शिकवलेस, आता परत कधी जाणार?

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा दोन्ही वाचले. मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, प्रशिक्षण तुमच्या एका रुग्णालयापुरते न ठेवता सगळ्या प्रदेशात न्यायचे, त्यासाठी प्रत्येक ठिकाणी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आणि वर्षभरात शेकडो डॉक्टर व परिचारिकांना प्रमाणपत्रे द्यायची, असा तो बेत आहे. नाही म्हणावे तर निधी हातचा जातो आणि हो म्हणावे तर आपण लोकांच्या हाती नुसता कागद ठेवतो आहोत असे वाटते, या पेचात तू सापडली आहेस. हे काम का करायचे, ते तुला सांगत बसण्याची गरज नाही. ते तुला कळले नसते तर तू मला लिहिलेच नसतेस. म्हणून सरळ मुद्द्यावर येते. त्या आराखड्यात मी एकच गोष्ट शोधत होते आणि ती कुठेच सापडली नाही: ज्यांना शिकवणार आहात, त्यांच्याकडे परत कोण जाणार आहे आणि कधी?

तुझे एक वाक्य मला खटकले. ‘काहीच नसण्यापेक्षा थोडे प्रशिक्षण बरे’, असे तू लिहिले आहेस. इतर काही विषयांत ते खरे असेलही, आपल्या विषयात नाही. एखाद्या परिचारिकेने कार्यशाळेत मॉर्फीन या अफूपासूनच्या तीव्र वेदनाशामकाबद्दल ऐकलेले असते. वॉर्डात परतल्यावर ती मोठ्या धीराने डॉक्टरांना सुचवते, वजनाप्रमाणे मोजून तोंडावाटे पहिला डोस दिला जातो आणि कित्येक रात्री धड न झोपलेले मूल गाढ झोपी जाते. दुखणे थांबल्यावर साचलेली झोप अशी एकदम येते, सुरुवातीचा एखादा दिवस मूल पेंगुळलेले राहते आणि श्वासाची गती नीट असेल, हाक मारल्यावर ते जागे होत असेल तर घाबरण्याचे कारण नसते, हे वर्गात एका वाक्यात सांगून झालेले असते. पण रात्री दोन वाजता ते वाक्य कोणाला आठवणार? मुलाची आई घाबरते, तिला पाहून परिचारिका घाबरते आणि औषध बंद होते. सकाळी मूल पुन्हा कण्हू लागते. त्या वॉर्डात पुढे बराच काळ कोणी मॉर्फीनचे नाव काढत नाही, कारण आता त्यांच्यापाशी ‘अनुभव’ आहे. अशा वेळी फोन उचलणारे कोणी असते, आठवड्याने तिथे जाऊन खाटेशेजारी उभे राहणारे कोणी असते, तर तोच वॉर्ड कायमचा शिकला असता.

म्हणून मी हट्टाने म्हणते की शिकवून निघून येऊ नये. परत जावे.

वेदना मोजण्याचेच घे. बोलू न शकणाऱ्या लहान मुलांसाठी आपण फ्लॅक मापन शिकवतो. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजावल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देऊन १० पैकी बेरीज करायची. वर्गात ते चटकन जमते आणि चाचणीत सगळे उत्तीर्ण होतात. वॉर्डात मात्र कोपऱ्यातल्या खाटेवरचे मूल अगदी निश्चल पडलेले असते, रडत नाही, पाय झाडत नाही. परिचारिका प्रामाणिकपणे शून्य लिहिते. बरेच दिवस दुखत असलेल्या मुलाने हललो की दुखते हे ओळखलेले असते आणि रडून काही होत नाही हेही त्याला कळून चुकलेले असते. तू शेजारी असशील तर तिला सांगशील की चादर बदलताना त्याच्या कपाळाकडे बघ, त्याला कुशीवर वळवताना त्याची मूठ बघ, त्याच्या आईला विचार की हे मूल पूर्वी कसे होते. एकदा तिने ते स्वतः पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही. तोवर मात्र किती तक्ते भिंतीवर लावले तरी उपयोग नाही.

मेंदूच्या पक्षाघाताची (सेरेब्रल पाल्सीची) मुले तर बहुतेक कार्यशाळांतून वगळलीच जातात, कारण पॅलिएटिव्ह केअर म्हणजे कर्करोग हे समीकरण लोकांच्या डोक्यातून अजून गेलेले नाही. जन्मजात व्यंगे, हृदयाचे आजार, एचआयव्ही, स्नायूंचे आणि चेतासंस्थेचे आजार, अकाली जन्मलेली बाळे ही सगळी आपली मुले आहेत. तुझ्या आराखड्यातली उदाहरणे मात्र बहुतेक कर्करोगाची आहेत. ती बदल. आणि प्रत्येक दुखण्याला मॉर्फीन हे उत्तर नसते, हेही खाटेपाशीच शिकवता येते: सतत किंचाळणाऱ्या मुलाला कधी बद्धकोष्ठ असतो, कधी खाल्लेले वर येत असते, कधी खुब्याचे हाड सांध्यातून सरकलेले असते आणि तपासल्यावाचून यातले काहीच कळत नाही.

आकडे तुला ठाऊक आहेत, पण ज्यांच्यासमोर तू बसणार आहेस त्यांच्यासाठी ते हाताशी ठेव. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये म्हटले आहे की दरवर्षी सुमारे २५ लाख मुले तीव्र वेदना आणि यातना सोसत मृत्यू पावतात आणि त्यांतली ९८ टक्क्यांहून अधिक विकसनशील देशांतली असतात. त्याच अहवालातला दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: अल्प उत्पन्नाच्या देशांतील १५ वर्षांखालच्या सर्व गरजू मुलांची मॉर्फीनची गरज भागवायला वर्षाला साधारण १० लाख डॉलर पुरतील. जगाच्या हिशेबात ही रक्कम काहीच नाही. तेव्हा औषध महाग आहे म्हणून मुले तळमळतात हे खरे नाही. ते लिहून देणारा, मोजून देणारा आणि दिल्यानंतर मुलाकडे पाहत राहणारा माणूस तिथे नसतो.

युगांडात हे ओळखून काम झाले. १९९३ मध्ये ॲन मेरिमन यांनी तिथे हॉस्पिस आफ्रिका युगांडा ही संस्था सुरू केली. मॉर्फीनची भुकटी पाण्यात कालवून तोंडावाटे घ्यायचे स्वस्त औषध तयार होऊ लागले आणि तीव्रता ओळखू यावी म्हणून त्याला निरनिराळे रंग दिले गेले. २००४ मध्ये कायदा बदलून, खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आणि क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसले तरी रुग्ण तपासून उपचार करणारे कर्मचारी) यांना मॉर्फीन लिहून देण्याचा अधिकार मिळाला. त्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष रुग्णांबरोबर महिनोन् महिने काम करावे लागते, आणि दोन दिवसांच्या बेतावर सही मागणाऱ्यांना हे सांगायला कचरू नकोस. भारतात २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन अशा औषधांच्या परवान्यांची गुंतागुंत कमी झाली, पण कागदावरचा अडसर निघाला म्हणून बाटली आपोआप वॉर्डात येत नाही. ती आणायला तिथल्याच कोणीतरी पाठपुरावा करावा लागतो आणि पाठपुरावा करणाऱ्याच्या पाठीशी कोणी असावे लागते.

औषध वॉर्डात पोहोचल्यावरही काय होते ते सांगते. एका रुग्णालयात प्रशिक्षण उत्तम झाले होते, औषध आले होते, दर चार तासांनी डोस असे केसपेपरवर स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते, तरी पहाटे मुले रडत होती. तिथे परत गेल्यावर उलगडा झाला: कपाटाची किल्ली मुख्य परिचारिकेकडे असे आणि त्या संध्याकाळी घरी जात. रात्रपाळीच्या मुलीने भिऊन ते कोणालाच सांगितले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते. किल्ली रात्रपाळीकडे सोपवण्याची आणि नोंदवहीत दोघींनी सही करण्याची व्यवस्था तिथल्या तिथे बसून ठरली. जगातल्या कोणत्याही अभ्यासक्रमात हा धडा नसतो, कारण दर ठिकाणी अडचण वेगळी असते आणि परत जाणाऱ्यालाच ती दिसते.

‘जिथे लसी नीट पोहोचत नाहीत तिथे हे काम म्हणजे चैन तर नाही ना’, असेही तू विचारले आहेस. हा प्रश्न तुला कोणीतरी बैठकीत विचारला असणार. तो तुझा नाही. जे मूल आज तळमळते आहे त्याला लसीकरणाच्या रांगेमागे उभे करता येत नाही. २०१४ मध्येच जागतिक आरोग्य सभेने पॅलिएटिव्ह केअर हा आरोग्यसेवेचा भाग मानण्याचा ठराव केला आहे. तेवढे सांग आणि पुढच्या विषयाकडे वळ.

पालकांशी बोलायला कसे शिकवायचे, हा तुझा प्रश्न मात्र खरा आहे. स्वीडनमध्ये कर्करोगाने मूल गमावलेल्या पालकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाशी मृत्यूबद्दल बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना मात्र बोललो नाही याची खंत होती. हे वर्गात सांगितले की सगळे माना डोलावतात आणि लगेच ‘म्हणजे मुलांना सांगून टाकायचे’ असा अर्थ काढतात. तो अर्थ नाही. प्रत्येक घराची बोलण्याची रीत निराळी असते. ‘मी घरी कधी जाणार?’ असे मुलाने विचारल्यावर परिचारिकेने सलाइनच्या बाटलीकडे वळू नये, खाली बसावे आणि ‘तुला काय वाटते?’ असे विचारून उत्तर येईपर्यंत गप्प राहावे, एवढे तिला यायला हवे. ते गप्प राहणे मी तरी दुसऱ्या कोणाच्या शेजारी बसूनच शिकले.

आता माझ्यावरच्या आक्षेपाबद्दल, कारण तो तुझ्या कानावर आला आहे. मी फार थोड्या लोकांना शिकवले, मोठे निधी परत पाठवले, हेकटपणा केला, असे म्हणतात. निधी परत पाठवले हे खरे आहे, कारण त्यांत माणसे मोजायची होती आणि मुलांपर्यंत काही पोहोचले का हे कोणी विचारणार नव्हते. मी शिकवलेल्या परिचारिकांपैकी बऱ्याच आज स्वतः दुसऱ्यांना शिकवतात आणि त्याही परत जातात. विस्तार मी यालाच म्हणते. मला खंत आहे ती वेगळीच: आमच्या सर्वांत कुशल परिचारिकेची एका आदेशाने नेत्रविभागात बदली झाली आणि आम्ही कितीही अर्ज केले तरी ती परत मिळाली नाही. तिच्यामागे त्या वॉर्डातला धीरच गेला. म्हणून सांगते, प्रशिक्षणाआधी प्रशासनाकडून लेखी घे की शिकवलेल्या व्यक्तीची निदान काही वर्षे बदली होणार नाही. हे मागताना तुला संकोच वाटेल. तरीही माग.

परत जाणे दर वेळी प्रवास करूनच व्हायला हवे असे नाही. न्यू मेक्सिकोत संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये सुरू केलेली एको पद्धत तुला माहीत आहे. दूरदूरच्या केंद्रांनी ठरल्या वेळी पडद्यावर भेटायचे, एकाने आपला रुग्ण मांडायचा आणि सर्वांनी मिळून विचार करायचा. पॅलिएटिव्ह केअरसाठीही ती वापरली जाते. मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचे आंतरराष्ट्रीय जाळे, म्हणजे आयसीपीसीएन, ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते; व्याख्यानांचा भार त्यांच्यावर टाक आणि वाचलेला वेळ खाटेपाशी घालव. पहिली फेरभेट मात्र प्रत्यक्षच हवी, कारण कपाटाची किल्ली पडद्यावर दिसत नाही.

निधी सोडू नकोस. केंद्रांची संख्या निम्मी कर, आणखी कमी करावी लागली तरी कर, आणि वाचलेला पैसा फेरभेटींसाठी राखून ठेव. निधी देणारे याला तयार झाले नाहीत तर सही करू नकोस, आणि त्यासाठी अपराधी वाटून घेऊ नकोस. सही करण्याआधी आराखड्याचे तेवढे पान नव्याने लिहून मला पाठव: प्रत्येक केंद्रात कोण परत जाणार, पहिल्यांदा किती दिवसांनी, रात्री फोन कोण उचलणार आणि बदलीबाबत कोणाशी बोलणे झाले. फोन उचलणाऱ्यांच्या यादीत माझे नाव घाल. आठवड्यातल्या दोन रात्री मी सांभाळीन, त्या कोणत्या ते तू ठरवून कळव.

तुझी,
बाई