बँकेने पैसे ‘सरकारजमा’ झाले असं सांगितलं, तर ते कायमचे गेले का?

आजोबांच्या जुन्या खात्याबद्दल तुम्हाला काउंटरवर हेच उत्तर मिळालं म्हणता. मलाही मिळालं होतं, वडिलांच्या खात्याबद्दल. पासबुक रेशनकार्डाच्या पिशवीत सापडलं, तोवर वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

पैसे जात नाहीत. 10 वर्षं व्यवहार नसलेलं खातं, किंवा मुदत संपून 10 वर्षं कुणी न मागितलेली ठेव, यांची रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीत भरते. ठेवीदारांचं शिक्षण आणि जागरूकता यासाठी 2014 साली तो सुरू झाला. सरकार हे पैसे आपला महसूल म्हणून धरत नाही, त्यामुळे ‘सरकारजमा’ हा शब्दच चुकीचा. मार्च 2024 अखेर त्यात 78,213 कोटी रुपये होते. वारसाच्या मागणीला मुदत नाही. रिझर्व्ह बँकेच्या दारात मात्र जाऊ नका. अर्ज आपल्याच बँकेत द्यायचा. बँक आधी तुम्हाला पैसे देते आणि मग निधीकडून वसूल करते.

तोटा होतो तो व्याजात. रक्कम निधीत गेल्यावर, मूळ खातं व्याजाचं असेल तरच व्याज मिळतं, तेही मे 2021 पासून 3 टक्के आणि सरळव्याज. ठेव असेल तर हे चांगलंच बोचतं.

आता खरी सरकारजमा. वर्षानुवर्षं कुणी न मागितलेले विम्याचे आणि पीपीएफचे पैसे ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. तिथे गेल्यापासून 25 वर्षांत कुणी मागितले नाहीत, तर ते केंद्र सरकारचे होतात. म्हणून पासबुकाच्या आधी एलआयसीची जुनी पॉलिसी शोधा, असं मी सांगेन. आणि कुणी वारसच उरला नाही, तर राज्यघटनेच्या कलम 296 प्रमाणे त्या राज्यातली मालमत्ता राज्य सरकारकडे जाते. घर-जमीन त्यातच येते.

शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे, ऑगस्ट 2023 पासून. त्यावर सगळ्या बँका नाहीत, तेव्हा तिथे नाव दिसलं नाही म्हणून खातंच नव्हतं असं समजू नका. नाव वेगवेगळ्या तऱ्हेने टाकून पाहा. वडिलांचं आडनाव बँकेत एका स्पेलिंगने होतं आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्या. त्या एका अक्षरापायी प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार आणि चार महिने गेले. तुमच्या कागदांवरची नावं जुळतात का, ते आजच बघून घ्या.