सेन्सर बदलण्याआधी त्याला बर्फाच्या पाण्यात घाल

सिडकोतल्या त्या फ्रिजचं सांगतोस ना, वर बर्फ आणि खाली दूध नासतंय, म्हणजे फ्रीझरच्या मागची थंड करणारी कॉइल बर्फाने गोठलेली असणार, आणि तो बर्फ वेळोवेळी वितळवणाऱ्या डिफ्रॉस्टचा सेन्सर बिघडला असू शकतो. लगेच गॅस भरायचं नाव काढू नकोस. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि आपलं नाव.

प्लग काढ, फ्रीझरमधलं मागचं कव्हर उघड, बर्फ आपोआप वितळू दे. स्क्रू ड्रायव्हरने टोचलास तर कॉइल गेलीच म्हणून समज! मग सेन्सरचा कनेक्टर सोडवून मीटर लाव. एनटीसी (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) असेल तर थंडीत रेझिस्टन्स वाढतो. ग्लासभर बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडव: २५ अंशाला १० किलोओहम असणारा सेन्सर ० अंशाला साधारण ३० किलोओहमच्या आसपास जातो. आकडा हललाच नाही किंवा उड्या मारायला लागला, तर बाद.

जुन्या फ्रिजात त्याऐवजी बायमेटल असतो, म्हणजे तापमानाने चालू-बंद होणारा स्विच. तो नाशिकच्या मे महिन्यात टेबलावर मीटरला उघडाच (सर्किट तुटलेलं) दिसणार, कारण गोठल्यावरच तो जुळतो. कितीतरी चांगले बायमेटल असे भंगारात जातात.

बर्फ वितळवणारा हीटर आणि जास्त तापल्यास सर्किट तोडणारा थर्मल फ्यूजही तेव्हाच बघून घे. नवीन सेन्सर त्याच व्हॅल्यूचा आण, जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढव. नुसत्या टेपखाली ओल शिरते, मग महिनाभरात परत फोन.