चेहऱ्यात अडकू नका, नाण्याची मागची बाजू बघा

तुम्ही विचारलंत, आजोबांच्या डबीत सापडलेल्या चांदीच्या रोमन नाण्यावरचा पानांचा मुकुटवाला माणूस ज्युलियस सीझर आहे का. नाही हो, हा ऑगस्टस, रोमचा पहिला सम्राट. नाण्यावरच्या अक्षरांत सीझर वाचून बरेच जण गोंधळतात, पण ज्युलियस सीझरला दत्तक गेल्यामुळे ते नाव त्याच्याकडे आलं. पुढे 'दिवी एफ' दिसतंय ना, म्हणजे देवाचा मुलगा, आणि तो देव म्हणजे मेल्यावर ज्याला देव ठरवलं तो ज्युलियस. स्वतःची ओळखच अशी करून द्यायची, तीही रोजच्या पैशावर!

पण खरी मजा मागे आहे. ढाली-भाले घेऊन उभे असलेले ते दोघं गायस आणि लुसियस, ऑगस्टसच्या मुलीची मुलं, त्यानेच दत्तक घेतलेली. माझ्यानंतर कोण, हे सगळ्या साम्राज्याला सांगायला लुग्डुनमच्या, म्हणजे आजच्या ल्योंच्या टांकसाळीत इ.स.पू. 2 पासून ही नाणी ढिगाने पाडली. दोघांच्या मध्ये वर एक पळी आणि एक वाकडी काठी दिसेल, ती त्यांच्या धार्मिक पदांची खूण. लुसियस इ.स. 2 मध्ये गेला, गायस इ.स. 4 मध्ये, आणि गादी मिळाली ऑगस्टसच्या सावत्र मुलाला, टायबेरियसला. मला हे नाणं हातात घेतलं की दरवेळी वाईट वाटतं, इतका गाजावाजा करून दाखवलेले वारस आणि दोघंही तरुणपणीच गेले.

आपल्याकडे, खासकरून दक्षिणेत, हा छाप आणि टायबेरियसचा बसलेल्या बाईचा छाप खूप सापडतात. पैठण आणि तेरचा माल भडोचला जायचा आणि तिथे रोमन सोन्याचांदीची नाणी फायद्याने बदलून मिळायची, हे पेरिप्लसमध्येच, म्हणजे त्या काळच्या ग्रीक भाषेतल्या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकातच आहे. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोने चांदीच्या नाण्यांचं वजन आणि कस दोन्ही कमी केलं, म्हणून व्यापारी जुनी नाणीच पसंत करत असावेत.

आता अस्सल की नक्कल. या छापाच्या भारतात बनलेल्या जुन्या नकलाही आहेत, त्यात अक्षरं नुसत्या रेघोट्यांसारखी होतात, त्यांना फेकू नका, त्याही अभ्यासाच्या आहेत. आजकालचं ओतलेलं बनावट असेल तर कडेला सांध्याची रेघ दिसू शकते आणि पृष्ठभागावर बारीक भोकं. वजन साधारण साडेतीन ते चार ग्रॅम यायला हवं. चिंच, पावडर काहीही लावून घासू नका प्लीज, वजन आणि कडेचा क्लोजअप टाका, मग पुढे बघू.