वाचकांचे प्रश्न : पेशंटला कळलं तरच तो काहीतरी लिहिणार ना!

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो, माझी बायको कायरोप्रॅक्टर आहे, म्हणजे मणक्यांवर-सांध्यांवर हाताने उपचार करते, आता तिने स्वतःचं क्लिनिक टाकलंय. हात चांगला आहे, पेशंट खूश होऊन जातात, पण गूगलवर रिव्ह्यू अगदी मोजके आणि तेही 'गुड सर्व्हिस, नाइस स्टाफ' छाप. शेजारच्या क्लिनिकला मात्र ढीगभर. एक मार्केटिंगवाला म्हणतो रिव्ह्यू टाकणाऱ्याला पुढच्या व्हिजिटला १० डॉलर सूट द्या, दुसरा म्हणतो पेशंट एज्युकेशन करा, रिव्ह्यू येतील. शिकवण्याचा आणि स्टार मिळण्याचा खरंच काही संबंध असतो का?

उत्तर : असतो, आणि चांगलाच असतो. पण आधी त्या १० डॉलरवाल्याला आजच नाही म्हणून टाका. गूगलला रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, गिफ्ट, पैसे यातलं काहीच चालत नाही, आणि फक्त खूश पेशंटला गाठून विचारायचं नि नाराज माणसाला गुपचूप वगळायचं हेही चालत नाही, विचारायचं तर सगळ्यांना विचारा. त्यात ग्राहकांचं हित बघणाऱ्या एफटीसी या अमेरिकन सरकारी संस्थेचा खोट्या रिव्ह्यूंबद्दलचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालाय, चांगलंच लिहायच्या अटीवर काही देणं, मालकाच्या घरच्यांनी किंवा स्टाफने नातं लपवून लिहिणं हे सगळं त्यात येतं, आणि दंड एकेका उल्लंघनाला ५० हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. म्हणजे तुम्ही स्वतः किंवा तुमच्या मेहुणीने पाच स्टार टाकायचे नाहीत, प्लीज. आणि येल्प ही रिव्ह्यूंची दुसरी साइट तर म्हणते रिव्ह्यू मागूच नका, तिथे तो विषय सोडून द्या.

आता शिकवण्याचं. 'गुड सर्व्हिस' लिहिणाऱ्याला दोष देऊ नका, आपल्या पाठीला काय झालं होतं आणि वहिनींनी नेमकं काय केलं हेच त्याला सांगता येत नसेल तर तो बिचारा लिहिणार काय?

आपल्या माणसांचंच बघा. कंबरेत उसण भरली की गावाकडे पायाळू माणसाला बोलवून पाठीवर हलकी लाथ मारून घ्यायची पद्धत होती, अजूनही कुठे कुठे आहे. तेच डोक्यात असलेला माणूस वहिनींच्या टेबलवर पालथा झोपतो, पाठीत कट्‌ आवाज येतो, आणि घरी जाऊन सांगतो की मणका सरकलेला तो बसवला. असं काही झालेलं नसतं. सांध्यातल्या द्रवात एकदम पोकळी तयार होते, त्या वेळचा तो आवाज. २०१५ मध्ये कॅनडात अल्बर्टा युनिव्हर्सिटीच्या लोकांनी बोटं मोडताना एमआरआय काढून हे प्रत्यक्ष बघितलंय. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नाही, आणि आवाज आला नाही म्हणजे ट्रीटमेंट फुकट गेली असंही नाही. हे दोन मिनिटांत सांगून होतं, पण सांगितलं नाही तर पुढच्या वेळी आवाज आला नाही की पेशंटला वाटतं आज पैसे पाण्यात गेले.

सांगून झाल्यावर एक प्रश्न मात्र विचारायचाच : "घरी विचारलं आज काय केलं, तर काय सांगाल?" आणि गप्प बसून ऐकायचं. तो म्हणाला "तो मणका बसवला ना", तर न चिडता, प्लास्टिकचा मणका त्याच्या हातात देऊन पुन्हा सांगायचं. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत याला टीच-बॅक म्हणतात, नर्सेसना शिकवतात. स्वतःच्या तोंडाने एकदा नीट सांगितलेलं माणसाच्या लक्षात राहतं, आणि तेच पुढे रिव्ह्यूमध्ये उतरतं, कुठलाही मार्केटिंगवाला ते लिहून देऊ शकणार नाही.

दुसरं, दुखेल ते आधीच सांगा, कागदावर छापूनही द्या. ॲडजस्टमेंटनंतर, म्हणजे हाताने मणक्यावर तो दाब दिल्यानंतर, एखाद-दोन दिवस अंग आंबल्यासारखं होणं कॉमन आहे, पण माहीत नसलेला माणूस रात्री अकराला कण्हत फोन हातात घेतो आणि तिथेच एक स्टार पडतो. त्याच कागदावर हेही ठळक छापा की लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद जायला लागली तर क्लिनिकची अपॉइंटमेंट नाही, सरळ इमर्जन्सी रूम.

आणि घाबरवून शिकवू नका हो, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. चाळिशीच्या माणसाला एक्सरे दाखवून "तुमचा मणका साठीचा झालाय" म्हणायचं आणि वर्षभराचं पॅकेज गळ्यात मारायचं, याला एज्युकेशन म्हणत नाहीत. अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेच २०१७ मध्ये सांगितलंय की नवीन कंबरदुखीत धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले सहा आठवडे एक्सरे-एमआरआय काढू नका. अशी बरीचशी कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआपही कमी होते, तेही सांगा, गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरू नका, "मला उगाच पुन्हा पुन्हा बोलावलं नाही" हे वाक्य ज्या रिव्ह्यूमध्ये असतं तो वाचून नवा माणूस फोन उचलतो.

मागायचं कधी? पहिल्या दिवशी नाहीच. वाकून बुटाची लेस बांधता आली, रात्रभर झोप लागली, पार्कवेवरून तासभर गाडी चालवून आलो तरी कंबर धरली नाही, असं पेशंट स्वतःहून सांगेल त्या व्हिजिटला म्हणायचं, "तुम्हाला सुरुवातीला जो प्रश्न पडला होता तोच इथे येण्याआधी बऱ्याच जणांना पडतो, जमलं तर तुमचा अनुभव जसा असेल तसा लिहा." चांगलं लिहा म्हणायचं नाही. आणि नाराज दिसणाऱ्यालाही त्याच टप्प्यावर तेच सांगून रिव्ह्यूची लिंक टेक्स्ट करायची. त्या टेक्स्टमध्ये आजाराचा, ट्रीटमेंटचा उल्लेख नको, नुसती लिंक आणि थँक यू.

प्रश्न : ताई, आमचंही असंच क्लिनिक आहे, डॅलसला. एका आजोबांनी एक स्टार देऊन लिहिलंय की मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) असून एक्सरेचे पैसे घेतले, लुटारू आहेत. साफ चुकीचं आहे! त्यांची फाइलच काढून तिथे सविस्तर उत्तर द्यावं म्हणतोय.

उत्तर : अजिबात नको. ते आपले पेशंट आहेत एवढंसुद्धा तिथे कबूल करायचं नाही, पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हिपा कायदा आहे. २०२३ मध्ये न्यू जर्सीतल्या एका मानसोपचार क्लिनिकने वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना पेशंटची माहिती उघड केली आणि ३० हजार डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. तुम्ही एवढंच लिहा, "प्रायव्हसीमुळे आम्ही इथे कुणाच्याही ट्रीटमेंटबद्दल बोलू शकत नाही, कृपया क्लिनिकला फोन करा", आणि मग खरंच आजोबांशी फोनवर शांतपणे बोला.

राग बाजूला ठेवून एक बघा, त्यांना आधी कुणी सांगितलं होतं का? ओरिजिनल मेडिकेअर, म्हणजे थेट सरकारकडून मिळणारं, कायरोप्रॅक्टरकडे फक्त हाताने केलेल्या मणक्याच्या ॲडजस्टमेंटचे पैसे देतं, त्याने काढायला सांगितलेल्या एक्सरेचे नाही, मसाजचे नाही. हे रिसेप्शनवरच्या मुलीने एक्सरेच्या आधी तोंडी सांगायला हवं, किती डॉलर खिशातून जाणार तो आकडा कागदावर लिहून, आणि आजोबांना ऐकायला कमी येत असेल तर सोबत आलेल्या मुलालाही.