मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान धनजीशा कूपर साताऱ्याचे कारखानदार होते का? मग त्यांचं नाव कुठं ऐकू का येत नाही?

हो, साताऱ्याचेच. फक्त पंतप्रधान म्हटल्यावर दिल्ली डोक्यात आणू नका, इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याने प्रांतांना जे सरकार मिळालं त्याच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधान म्हणायचे, म्हणजे आजचा मुख्यमंत्री.

सर धनजीशा बोमनजी कूपर जातीने पारशी, पण राजकारण ब्राह्मणेतर पक्षाचं आणि सातारा जिल्हा लोकल बोर्डाचं (म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेसारखं). धंदा म्हणजे कूपर इंजिनिअरिंग, कारखाना सातारा रोडला (रेल्वे स्टेशनचं नाव सातारा रोड पण गाव पाडळी, तालुका कोरेगाव, नवीन माणूस हमखास तिथं उतरून सातारा शोधतो). लोखंडी नांगर, उसाचे चरक, पुढं डिझेल इंजिनं. आमच्या मामांच्या विहिरीवर कूपरचं एक जुनं इंजिन होतं, अंगावर नाव ओतीव अक्षरात, हँडल मारून चालू करायचं आणि हँडल वेळेत काढलं नाही तर मनगट गेलंच समजा.

मला तरी त्यांचा धंदा आणि राजकारण वेगळं काढता येत नाही, कारण त्या काळी मत सगळ्यांना नव्हतंच, शेतसारा भरणाऱ्या बागायतदाराला होतं, आणि नांगर घेणारा गडीपण तोच की. आधी किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकलेले कर्मवीर भाऊराव पाटीलसुद्धा कूपरांचा कारखाना उभा करायला राबले, पुढं दोघांचं फाटलं. आमच्याकडं जुनी माणसं कूपरांच्या नावाला नाक मुरडायची ती बहुतेक त्यामुळंच.

आता खुर्ची कशी मिळाली ते. १९३७ च्या निवडणुकीत १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसच्या, पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून कारभारात लुडबूड करणार नाही असं आश्वासन द्या तरच सरकार करतो म्हणून काँग्रेस अडून बसली, मग गव्हर्नरने कूपरांना बोलावलं आणि १ एप्रिलला त्यांचं अल्पमताचं मंत्रिमंडळ बसलं. जुलैत काँग्रेसचं सरकार करायचं ठरलं, १९ जुलैला त्यांचे बाळासाहेब खेर पंतप्रधान म्हणून आले, कूपरांना विधानसभेत बहुमत दाखवायची वेळच आली नाही. साडेतीन महिन्यांत कुणी काय दिवे लावणार? कूपर आधीही प्रांताच्या सरकारात मंत्री होते, म्हणजे अगदीच रस्त्यावरून उचलून आणलेला माणूस नव्हता, पण मागं जनता नव्हती हेही खरं.

नाव का ऐकू येत नाही म्हणाल तर गव्हर्नरने बसवलेला माणूस, त्यात पाचसहा वर्षांत याच जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, त्यापुढं कूपरांचा फोटो कोण लावणार. १९४७ ला ते गेले. सातारा रोडचा कारखाना वालचंद ग्रुपकडं गेला, तिथं फाउंड्री आहे, आणि साताऱ्यात कूपर कॉर्पोरेशन अजून आहे, तिथं कामाला जाणाऱ्या पोरांना विचारा, पंतप्रधानाचं कुणी सांगितलं तर मला कळवा.